धावपट्टीवरचं सोयाबीन

आमच्या जिल्ह्यात विमान उतरतं, हे आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना अजूनही पटत नाही. निवृत्तीच्या थोडं आधी बोरी अरबला एका लग्नात जेवायला बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही कोठी असता जी नोकरीले?" मी म्हणालो, "विमानाच्या पट्टीवर." ते जिलेबी मोडता मोडता म्हणाले, "हाव, म्हंजे एसटीतच ना?" मी हो म्हणून टाकलं. एसटीतल्या माणसाला आमच्याकडे मान जास्त आहे, आणि खरं सांगायचं तर प्रवासीही जास्त आहेत.

यवतमाळ उंचावर वसलेलं आहे. शहराबाहेर एक मोठा माळ आहे, त्याच्या भोवती टेकड्या, टेकड्यांवर साग, आणि माळाच्या मधोमध डांबराची लांब सरळ पट्टी. हाच आमचा विमानतळ. प्रवाशांसाठी एक खोली, खोलीत सोफा, पाण्याचा माठ आणि भिंतीवर आरसा. आरसा अशासाठी की इथं उतरणारा माणूस बहुतेक भाषण करायलाच उतरलेला असतो, आणि भाषणाआधी त्याला केस बसवायचे असतात. तिकिटाची खिडकी नाही, सामानाचा फिरता पट्टा नाही, रात्रीचे दिवे नाहीत. दिवस मावळला की पट्टी बंद. नियमित विमानसेवा सुरू होणार अशी बातमी दर एक-दोन वर्षांनी येते. राजूरचे एक म्हातारे, मुलगा मुंबईला असलेले, प्रत्येक बातमीनंतर कात्रण घेऊन माझ्याकडे येत आणि विचारत, "या खेपेले खरं आहे काय साहेब?" त्यांना शेवटपर्यंत हो म्हणता आलं नाही, ही माझ्या नोकरीतली रुखरुख आहे.

मी या पट्टीचा इन्चार्ज होतो. वडील कचेरीत कारकून, आजोबा कचेरीत कारकून, त्यामुळे मी "विमानाकडे" लागलो तेव्हा घरात कौतुकापेक्षा काळजीच जास्त झाली. आई विचारायची, वर तर नाही ना जावं लागत? नाही गेलो. सगळी नोकरी जमिनीवर केली. विमानात बसायचा योग आजवर आलेला नाही, आणि आता गुडघे पाहता शिडी चढवेल असं वाटत नाही.

काम काय असतं ते सांगतो. विमान येणार असलं की त्याआधी आम्ही जीपनं पट्टीची फेरी करायचो. या टोकापासून त्या टोकापर्यंत हॉर्न वाजवत जायचं. कुंपण नावाला होतं. त्यातून शेळ्या यायच्या, रोही म्हणजे नीलगायी यायच्या, मोर यायचे, आणि सकाळी फिरायला शहरातले निवृत्त लोक यायचे. रोही हॉर्नला घाबरतो. निवृत्त मुख्याध्यापक घाबरत नाहीत. त्यांना खाली उतरून, नमस्कार करून, तब्येतीची चौकशी करून बाजूला घ्यावं लागतं. फेरी झाली की वारा पाहायचा आणि पायलटला कळवायचं, "पट्टी मोकळी आहे." हे तीन शब्द इन्चार्जनं उच्चारल्याशिवाय कोणी उतरत नाही. या तीन शब्दांसाठीच मला पगार मिळत होता, असं मी म्हणतो आणि बायको ते नाकारत नाही.

वारा पाहण्यासाठी खांबावर एक कापडी नळी असते. दोन्ही तोंडं उघडी, एक मोठं, एक लहान. वारा मोठ्या तोंडातून शिरतो आणि लहान तोंडातून निघतो, नळी वाऱ्याच्या दिशेनं आडवी होते आणि पायलटला वरून दिसते. आमची नळी एका उन्हाळ्यात फाटली. नवी यायला वेळ होता, म्हणून मी पट्टीला लागून असलेल्या हिवरखुटा गावातल्या शब्बीरभाई टेलरकडे जुनी दिली आणि म्हणालो, अशीच शिवा. शब्बीरभाईंनी जन्मभर कापूस वेचायच्या ओट्या आणि धान्याच्या थैल्या शिवलेल्या. त्यांनी फार मन लावून काम केलं. खांबावर चढवली तर नळी लोडासारखी टम्म फुगली आणि दोर तोडायला लागली. पाहतो तर मागचं तोंड दुहेरी शिवणीनं बंद.

"शब्बीरभाई, हे तोंड काहून शिवलं?"

"साहेब, खुल्लं ठेवलं तं माल सांडन ना."

"अहो, त्यात माल नसतो. हवा असते."

ते थोडा विचार करून म्हणाले, "मंग हवा सांडन."

शिवण उसवली, नळी चालली, आणि पुढं कित्येक दिवस शब्बीरभाई पाहुण्यांना घेऊन कुंपणापाशी यायचे आणि खांबाकडे बोट दाखवायचे. एवढ्या उंचीवर आपलं काम टांगलेला टेलर तालुक्यात दुसरा नव्हता.

गिऱ्हाइकंही एकेक असत. वणीकडचा एक नवरदेव हेलिकॉप्टरनं आमच्याकडे उतरला. मी वऱ्हाडाला दूर थांबवलं होतं, पण सुवासिनींना कोण थांबवणार? पंखा फिरतच होता आणि त्या आरतीचं ताट घेऊन निघाल्या. पुढच्या क्षणी सगळं कुंकू उडालं आणि पांढरे कपडे घातलेलं अर्धं वऱ्हाड लाल झालं. मला वाटलं, आता भांडण. पण नवरदेवाची आजी म्हणाली, याच्याहून मोठा शकुन कोणता? आणि सगळे तसेच लाल कपड्यांनी गाड्यांत बसले.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण हे लिहायला बसलो ते एका दिवसासाठी.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. सोयाबीन निघालं आणि गेलेला पाऊस परत आला. शहरातल्या वाचकांना सांगायला हवं की ओलं सोयाबीन ढिगात ठेवलं तर आतून तापतं, वास मारतं आणि त्याला कोंब फुटतात. त्याला ऊन लागतं आणि कोरडी, टणक जमीन लागते. हिवरखुट्यात सगळीकडे चिखल. आणि कुंपणापलीकडे आमची पट्टी, पाऊस थांबला की तासाभरात वाळणारी.

गावच्या सरपंच शोभाताई आदल्या संध्याकाळी मला भेटायला आल्या. एक दिवस पट्टीवर सोयाबीन वाळू द्या म्हणाल्या. मी साफ नाही म्हणालो. त्या उठल्या, दारापाशी थांबल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बरं, या हप्त्यात इमान आहे काय जी?" मी म्हणालो, "नाही, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही." शोभाताईंनी गावात वाक्यातला पहिला शब्द तेवढा नेला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मी फाटकात पोचलो तर आमचा चौकीदार देवराव आकाशाकडे पाहत उभा होता, म्हणजे जमिनीकडे पाहायची त्याची तयारी नव्हती. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी. अख्खं गाव पहाटेच येऊन बसलेलं. प्रत्येकानं आपापल्या वाट्याभोवती दगड मांडून चक्क धुरे, म्हणजे शेतासारखे बांध, पाडले होते, आणि पार्बताबाई नावाची सत्तरीची बाई शेजाऱ्याशी भांडत होती की त्यानं धुरा हातभर तिच्याकडे सरकवला. सरकारी धावपट्टीवर अतिक्रमण केल्याचा तिचा आरोप होता, आणि तो त्याच्यावर.

मी खूप ओरडलो. पार्बताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इमान आलं तं उचलू ना. तुमचं इमान काय रोज येते?" नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. सून आणि ती मिळून शेती करायच्या. पावसाआधी घाई करून कापल्यामुळे तिचं सोयाबीन गावात सगळ्यात चांगलं होतं, टपोरं, एक डाग नाही. वर्षाची सगळी मेहनत तिनं त्या डांबरावर पसरली होती. मी चार वाजेपर्यंत सगळं उचला असं सांगून खोलीत जाऊन बसलो आणि रागानं माठातलं पाणी पीत राहिलो.

दुपार व्हायच्या आधी फोन आला. शहरातल्या दवाखान्यातून डॉक्टर बोलत होते. राळेगाव तालुक्यातल्या शाळेत शिकवणारी एक बाई बाळंत होऊन सहा दिवस झाले होते. फुप्फुसं निकामी होत चालली होती. हैदराबादला तिच्यासाठी खाट मिळाली होती आणि रुग्णांना नेणारं विमान निघायच्या बेतात होतं. मी विचारलं, नागपूरला उतरवलं तर? डॉक्टर म्हणाले, "नागपूरपर्यंतचा रस्ता ती काढणार नाही."

त्यामागोमाग पायलटचा फोन. पट्टी मिळेल का?

नाही म्हणणं सोपं होतं. नियमानं बरोबरही होतं. सोयाबीनचा दाणा गोल असतो. त्यावर विमानाचं चाक आलं की ब्रेक लागत नाही, चाक घसरतं, आणि पंख्यानं दाणे ओढले तर इंजिनाचं काय होईल ते सांगता येत नाही. एका बाईला वाचवायला येणारी माणसं मी डोळ्यांदेखत मारली असती. पायलटला थोडं थांबा म्हणालो आणि तसाच शोभाताईंकडे पळत गेलो. सगळं सांगितलं.

"केवढी आहे बाई?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस-सत्तावीसची."

"आन् लेकरू सहा दिवसाचं?"

"हो."

"हो म्हणा तुम्ही."

"ताई, एक दाणाही राहून चालणार नाही."

"तुम्ही हो म्हणा. दाण्याचं आमी पाहतो."

मी पायलटला खरं तेच सांगितलं. पट्टीवर धान्य आहे, काढायला लागलो आहोत, तुम्ही निघा, पण मी मोकळी म्हटल्याशिवाय उतरू नका. त्यानं विचारलं, "कोणतं धान्य?" मी सांगितलं. "बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

आधी जो तो आपापलं भरू लागला. शोभाताईंनी पाहिलं की असं संध्याकाळपर्यंतही होणार नाही. त्या पट्टीच्या मधोमध उभ्या राहून ओरडल्या, "आपलं-परकं पाहू नका. त्या टोकापासून सुरू करा, सगळ्याईचं एकाच जागी लोटा." म्हणजे चांगलं आणि डागी, सगळं एकत्र. माणसं थबकली. पार्बताबाई तर ताडपत्री अंथरून तिच्यावरच बसली. "माह्यं येगळं राहीन," ती म्हणाली. "आमी पावसाआंधी मरमर करून कापलं ते याच्या कोंबात मिसळाले काय?" आणि तिचं काही चूक नव्हतं. तेवढ्यात तिच्या सुनेनं दाताळं उचललं आणि सासूच्या देखत आपलं सोयाबीन ओढून गावाच्या ढिगात लोटलं. म्हातारी काही वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग उठली, खराटा घेतला, आणि झाडायला लागली. तोंड मात्र थांबलं नाही. विमानाला, मला, पावसाला, त्या बाळंतिणीला, ज्या दिवशी पट्टी बांधली त्या दिवसाला, कोणालाही तिनं सोडलं नाही.

पुरुष दाताळ्यांनी ओढत होते, घमेल्यांनी नेत होते. मागून बायकांची रांग, पट्टीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, हातात फडे आणि खराटे. शब्बीरभाई शिलाईच्या दुकानातून कापडाचे गठ्ठे घेऊन आले आणि गुडघ्यांवर बसून डांबराच्या भेगा पुसायला लागले. मी जीप हळूहळू रांगेच्या मागून नेत होतो. देवराव टपावर उभा राहून राहिलेले दाणे दाखवत होता. पश्चिमेच्या टेकड्यांवर ढग भरून येताना दिसत होते.

रुग्णवाहिका आली तेव्हा पट्टीचं शेवटचं टोक बाकी होतं. ती अगदी कडेला येऊन थांबली. मागचं दार उघडलं, कारण आत गुदमरायला होत होतं. ऑक्सिजन लावलेली एक कृश मुलगी दिसली आणि तिचा हात धरून बसलेला नवरा. बायकांनी एकदा तिकडे पाहिलं आणि खराटे जोरात चालू लागले. मग विमानाचा आवाज आला. टेकडीमागून वर आलं, आमच्यावरून गेलं आणि वळलं. पायलट वायरलेसवर म्हणाला, "थोडं थांबू शकतो, पण वरून पाऊस दिसतोय." त्यानं एक घेर घेतला. दुसरा घेतला. मी जीपमधून उतरून शेवटचा तुकडा वाकून चालत पाहिला. घाम चष्म्यावर पडत होता. मग कडेला झालो आणि हातातल्या वायरलेसवर म्हणालो, "पट्टी मोकळी आहे."

विमान उतरलं. सगळं गाव खराटे हातात धरून कडेला उभं होतं. कोणी टाळी वाजवली नाही. मुलीला चढवलं, नवरा चढला, दार लागलं, आणि ते धावत जाऊन टेकडीवरून पलीकडे गेलं. ते दिसेनासं झालं तोच पाऊस आला. ताडपत्र्या पुरल्या नाहीत. बरंच सोयाबीन भिजलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. वरून मला विचारणा झाली, मी घडलं तसं सांगितलं, चार शब्द ऐकून घेतले. गावानं तो एकच ढीग शोभाताईंच्या शब्दावर वाटून घेतला आणि डागी मालाला मिळतो तो भाव घेतला. पार्बताबाईचं नुकसान सगळ्यात जास्त झालं. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. फाटकासमोरून जाताना मान फिरवून जायची. मला वाईट वाटायचं, पण तिला दोष देता येत नव्हता. आणि ती मुलगी वाचली की नाही, तेही कळत नव्हतं. दवाखान्यात विचारलं तर तिकडून काही निरोप नाही म्हणाले. शोभाताई भेटल्या की विचारायच्या, "कळलं काय जी?" मी मान हलवायचो. त्याही मग विचारायच्या बंद झाल्या.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. फाटकापाशी एक गाडी थांबली. कडेवर बाळ घेतलेली एक बाई उतरली, मागून तिचा नवरा. नवऱ्याला मी लगेच ओळखलं. खुर्चीवरून उठून तसाच फाटकाकडे गेलो.

तिचं नाव मीनल. ती पट्टी पाहायला आली होती. म्हणाली, "मले त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. इमान नाही, दवाखाना नाही. फक्त एक आठवते. कोणीतरी झाडून राह्यलं होतं. एक जण नाही, खूप जण. मले वाटे मी माहेरी आहो, सकाळ झाली, आई आंगण झाडून राह्यली, आता उठा लागन. झोपून राह्यली तं आई रागावन. म्हणून मी झोपत नव्हती." मग तिनं पट्टीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. "हे म्हणतात मले भास झाला. इथं तं कोठंच आंगण नाही. काय होतं मंग ते?"

मी म्हणालो, "पोरी, जीपमध्ये बस."

हिवरखुट्याकडे जाताना रस्त्यात मी तिला सोयाबीनचं सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत मी मंत्री उतरवले, नवरदेव उतरवले, सगळे घाईत. आभार मानावेत असं मला खूप मिळालं आहे, पण त्या रस्त्यानं जीप चालवताना जे वाटलं ते नोकरीत दुसऱ्या कशानं वाटलं नाही. या लोकांच्या शेजारी मला नोकरी मिळाली, एवढंच मनात येत होतं.

शोभाताईंच्या ओसरीवर बायका जमल्या. मीनलनं पुन्हा तेच सांगितलं, आईचं अंगण, झाडण्याचा आवाज. पार्बताबाई सुनेसोबत आली होती, पण खांबापाशी लांब उभी होती. ती हळूहळू पुढं आली आणि मुलीसमोर उभी राहिली.

"मी तं झाडता झाडता शिव्या देऊन राह्यली होती व माय," ती म्हणाली. "तुले बी देल्या. मले काय माहीत तू ऐकून राह्यली."

मीनलनं मान हलवली. "शिव्या नाही ऐकू आल्या आजी. निरा झाडणंच ऐकू आलं."

पार्बताबाईनं डोळ्यांना पदर लावला, आणि मग दोन्ही हात पुढं केले. "आण ते लेकरू इकडे," ती म्हणाली.